साक्षीदाराची जागा

ऑर्लीन ट्रॅमेलनं त्या शनिवारी ओव्हनमधून पावासारख्या मऊ, गरम बिस्किटांचं ताट काढलं आणि रोजच्या सवयीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे तिच्या लेकीचं घर. मिस्टीच्या अंगणात, टपालपेटीला लागून, एका रात्रीत एक हिरवी पाटी उगवली होती. 'शाळा मंडळासाठी कोरीन व्हिटलॉक.'

ताट गरम आहे हे तिला बोट भाजल्यावर कळलं.

"व्हर्जिल," ती म्हणाली, "जरा इकडे ये. तिकडे बघ."

व्हर्जिल कॉफीचा कप घेऊन खिडकीशी आला. "पाटी दिसतेय."

"कुणाची?"

"चष्मा नाही माझ्याकडे."

चष्मा त्याच्या कपाळावर होता. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तो शिकला होता, की काही गोष्टी बायकोनं आपल्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिनंच वाचलेल्या बऱ्या.

"माझी लेक," ऑर्लीन म्हणाली. "सख्खी. माझ्या दारासमोर. त्या बाईची पाटी."

"बिस्किटं गार होतील," व्हर्जिल म्हणाला.

आमच्या हिकरी फोर्कमध्ये शाळा मंडळाची निवडणूक म्हणजे फार गाजावाजा नसतो. पाच खुर्च्या, बिनपगारी काम, बसचे मार्ग आणि गळकं छप्पर यांच्यावर वाद. ऑर्लीनची खुर्ची तीनदा बिनविरोध तिच्याकडे आली होती. प्रचार म्हणून ती दर वेळी माशा मारायच्या प्लास्टिकच्या फटक्या वाटायची. त्यावर तिचं नाव छापलेलं, आणि खाली 'शिस्त आधी'. गावात असं घर नव्हतं जिथे ऑर्लीनची फटकी खिळ्याला टांगलेली नव्हती.

यंदा मात्र समोर कोरीन होती. मूळची उत्तरेकडच्या ओहायोची. इथल्या एका वेल्डरशी लग्न करून आली, रस्त्याकडेला काचेचं रोपघर बांधलं, आणि आता बारा वर्षांनंतरही गाव तिला बाहेरचीच म्हणे. पण म्हणताना हसे. कारण कोरीन प्रत्येक दारी टोमॅटोचं एकेक रोप घेऊन गेली होती. ते कुठे लावायचं, किती ऊन हवं हे सांगायची, आणि मग उठायच्या आधी घरातल्याचं गुडघेदुखीपासून कर्जापर्यंत सगळं ऐकून घ्यायची. तिला ऐकता येत होतं. ऑर्लीनला नेमकं हेच खुपायचं. आपण बोलायला लागलो की माणसं घड्याळाकडे बघतात आणि तिच्यासमोर मन मोकळं करतात, हे तिनं चर्चच्या जेवणात डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी आल्यावर तिनं भाजलेली मक्याची पोळी सबंध कुत्र्याला घातली होती, कारण तिथे कोरीनच्या नारळाच्या केकचं रिकामं भांडं तिच्या भरल्या ताटाशेजारी उभं होतं.

खत-पेंडीच्या दुकानातला म्हातारा लॉनी तर तोंडावर म्हणाला, "ऑर्लीन, तिनं आम्हाला टोमॅटो दिले. तू तीनदा निवडून आलीस आणि आम्हाला माशा मारत बसवलंस."

सगळं दुकान हसलं. ऑर्लीनही हसली. गाडीत बसल्यावर तिनं दार इतक्या जोरात लावलं की आरसा हलला.

आणि भांडणाचा मुद्दा होता फळीचा.

आमच्याकडे शाळेत अजून फळी चालते. हातभर लांब, मुठीशी निमुळती, शाळेच्याच सुतारकामाच्या वर्गात मुलांनी घासून गुळगुळीत केलेली. मूल ऐकेनासं झालं की त्याला ऑफिसात नेतात, टेबलाची कड धरून वाकायला सांगतात आणि मागून फटके देतात. नियम असा की त्या वेळी खोलीत आणखी एक मोठं माणूस हवं. त्याला साक्षीदार म्हणतात. फटके झाले की मुलानं मुख्याध्यापकांशी हात मिळवायचा आणि दोघांचे आभार मानायचे. घरी बाप विचारतो, किती पडले, आणि हसतो, कारण त्यालाही पडलेले असतात.

मंडळावर येण्याआधी ऑर्लीन शाळेच्या ऑफिसात कारकून होती, आणि हॅगर्टी सर मुख्याध्यापक असताना साक्षीदार म्हणून तीच उभी राहायची. ती दुष्ट नव्हती. कुणाची मुलगी आजारी पडली तर पहिलं सूप तिच्या घरून जायचं. फळीबद्दल तिनं खरं तर कधी विचारच केला नव्हता. पण कोरीन म्हणाली की फळी बंद झाली पाहिजे, आणि त्या दिवसापासून फळी ऑर्लीनला प्राणापेक्षा प्यारी झाली. कोरीननं सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं असतं, तरी ऑर्लीन पश्चिमेकडे तोंड करून बसली असती.

तिनं बिस्किटं फडक्यात गुंडाळली आणि रस्ता ओलांडला.

मिस्टीच्या ओसरीवर झोपाळ्यात कोरीन बसली होती. ऑर्लीननं नाताळात दिलेल्या कपातून चहा पीत होती. तिच्या पायाशी जोसी बसली होती, ऑर्लीनची नऊ वर्षांची नात, आणि कोरीन मधून मधून तिच्या केसांचे पेड गुंफत होती. जोसी ऑर्लीनला केसांना हात लावू देत नसे. दुखतं म्हणे.

"या ना, मिसेस ट्रॅमेल," कोरीन म्हणाली.

माझ्या लेकीच्या घरात ही मला या म्हणते, ऑर्लीनच्या मनात आलं, आणि तिच्या पोटात अशी आग पडली की फडक्यातली बिस्किटं तिच्यापुढे गार वाटावीत.

"कोरी मावशी मला फ्रेंच वेणी घालतेय," जोसी म्हणाली.

"मावशी व्हायला आईची बहीण असावं लागतं," ऑर्लीन म्हणाली.

कोरीननं कप खाली ठेवला, वेणीचं टोक बांधलं आणि रोपांना पाणी घालायचंय म्हणून उठली. जाताना तिनं मिस्टीच्या दंडाला हात लावला. मिस्टी तिच्याकडे बघून हसली. साधंच हसू होतं ते. पण ऑर्लीनला आठवेना की लेक आपल्याकडे बघून असं शेवटचं कधी हसली होती.

"ही पाटी काढ," कोरीनची गाडी वळताच ती म्हणाली.

"पाटी माझ्या अंगणात आहे, मॅडम," मिस्टी म्हणाली.

"लोक काय म्हणतील? आईला लेकीचं मत नाही."

"हो मॅडम. म्हणतील."

आमच्या भागात मोठ्यांना सर आणि मॅडम म्हणणं हा संस्कारच आहे. तरीही पस्तिशीची बाई आईला दर वाक्यात मॅडम म्हणते, याचं गावाला कौतुक होतं. केवढं वळण लावलंय, बायका म्हणायच्या, आणि ऑर्लीनची मान ताठ व्हायची. फक्त कधी कधी, आजच्यासारखं, तिला वाटे की तो शब्द म्हणजे अलगद लावून घेतलेलं दार आहे.

"तुझं तिच्यात काय अडकलंय ते तरी सांग. काय आहे तिच्यात, जे माझ्यात नाही?"

मिस्टी फडक्यातली बिस्किटं ताटलीत काढत होती. ती थांबली. "गुरुवारी सभेत ती गोष्ट सांगू नका. एवढंच मागते."

"कुठली गोष्ट?"

"तुम्हाला माहितेय."

"अगं, लोकांना आवडते ती. चेष्टेची गोष्ट आहे. तुलाच कुठे काय..."

"हो मॅडम," मिस्टी म्हणाली, आणि ते दार पुन्हा अलगद लागलं.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात उमेदवारांची सभा होती. तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, गार, गोड चहाची पिंपं. ऑर्लीननं मनाशी ठरवलं होतं की छप्पर आणि बस, एवढंच बोलायचं. तिनं तसं लिहूनही आणलं होतं. मिस्टीला वचन दिलं नव्हतं, पण मनातून दिल्यासारखंच होतं.

पहिली कोरीन बोलली. नखांत माती तशीच होती.

"माझा नवरा कारखान्यात काम करतो," ती म्हणाली. "त्याच्याकडून चूक झाली आणि मालकानं त्याला वाकवून फळीनं मारलं, तर शेरीफ येईल. शेरीफला कुणी मारलं तर तुरुंग आहे. आपल्या गावात कुत्र्याला फळीनं मारलं तरी शेजारी बोलतात. मुलाला मारलं की मात्र साक्षीदार येतो, आणि मूल त्याचे आभार मानतं. मला इतकंच कळत नाही की ते आभार कशाबद्दल असतात."

मग टाळ्या वाजल्या. आधी मागून, मग मधून, मग पाद्रीबाईंनीसुद्धा वाजवल्या. ऑर्लीननं त्या सगळ्या टाळ्यांत एकच जोडी शोधली, आणि ती सापडली. तिसऱ्या रांगेत मिस्टी टाळ्या वाजवत होती आणि मनगटानं डोळे पुसत होती. मी तीनदा निवडून आले तेव्हा हिनं एकदा तरी डोळे पुसले होते का, ऑर्लीनच्या मनात आलं.

ती उठली. हातातला कागद तिनं घडी करून पर्समध्ये टाकला.

"कोरीनबाई छान बोलल्या," ती म्हणाली. "बाहेरून आलेल्या माणसाला सगळं नवंच वाटतं. मी इथली. मी तुम्हाला एक गोष्ट सांगते."

लोक खुर्चीत सरसावून बसले. कुणीतरी हसलंसुद्धा. ही गोष्ट गावाच्या पाठ होती.

"माझी मिस्टी तेव्हा आत्ताच्या जोसीएवढी. जेवणाच्या रांगेत बोलायचं नाही हा नियम. ही खदखदून हसली. झालं, ऑफिसात रवानगी. हॅगर्टी सर मला म्हणाले, ऑर्लीन, तू बाहेर जा, मी दुसऱ्या कुणाला बोलावतो. मी म्हटलं, सर, दुसऱ्यांच्या पोरांना एक नियम आणि माझ्या पोरीला दुसरा, असं चालायचं नाही. आणि मी तिथेच उभी राहिले. हलले नाही. पडले तिला तीन. मग ती आली माझ्याकडे, नाक ओढत, आणि म्हणाली, थँक यू, आई. आणि मी काय म्हटलं?"

इथे ती नेहमी थांबायची, आणि नेहमीप्रमाणे सगळं जेवणघर एका सुरात म्हणालं, "बाळ, शाळेत आई नाही. शाळेत मॅडम."

हशा उसळला. ऑर्लीनला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. लोक तिचे होते. तिनं कोरीनकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मग ऑर्लीनला मोह आवरला नाही.

"आणि ती बघा तिकडे बसलीय. काय वाईट झालं तिचं? मिस्टी, उठ बाळ. सांग यांना."

मिस्टी बसूनच राहील असं एक क्षण वाटलं. मग ती उठली.

"गोष्ट खरी आहे," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मी हसले होते. फटके तीनच होते, आणि सर काही फार जोरात मारायचे नाहीत. त्याचं मला काही नाही. मी टेबलाची कड धरून वाकले होते आणि मान मागे वळवून यांच्याकडे बघत होते. वाटत होतं, एकदा बघतील माझ्याकडे. त्या कॅलेंडरकडे बघत होत्या. बियाणांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, वर लाल ट्रॅक्टर. शेवटपर्यंत त्या तिकडेच बघत होत्या."

कुणाच्या तरी हातातला काटा ताटलीवर वाजला.

"आणि ते शेवटचं वाक्य आत्ता तुम्ही सगळे बोललात. त्या दिवसानंतर मी यांना पुन्हा आई म्हटलेलं नाही. घरातसुद्धा नाही. मॅडम, तुमच्या कधी लक्षात आलं होतं?"

पहिल्या रांगेत हॅगर्टी सर बसले होते. ऐंशी उलटलेले, कानानं अधू, पण मनानं ऑर्लीनच्या बाजूचे. काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं आणि ते काठीवर रेलून तिच्या मदतीला उठले.

"मी एक सांगतो," ते म्हणाले. "ऑर्लीनसारखी साक्षीदार मला पुन्हा मिळाली नाही. इतक्या वर्षांत एकदासुद्धा तोंड उघडलं नाही तिनं."

या वेळी कुणी हसलं नाही. कोरीन उठून मिस्टीजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. खरं सांगायचं तर त्या घटकेलाही ऑर्लीनच्या मनात पहिलं आलं ते हेच, की तो हात माझा असायला हवा होता. कोरीनचा तिला इतका राग कधीच आला नव्हता. पण रागाला धरायला या वेळी काही सापडेना.

व्हर्जिलनं गाडी सुरू केली.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला आवडायचं ना ते. लेक मला मॅडम म्हणते, म्हणून मिरवायचीस गावात."

त्यानंतरचे दिवस ऑर्लीन घरातल्या घरात लेकीचा आवाज शोधत फिरली. गोवरात अंगावर पुरळ उठलं होतं तेव्हा: मॅडम, पाणी. लग्नाच्या सकाळी, पांढऱ्या झग्याची बटणं लावताना: मॅडम, घट्ट होतंय. दवाखान्यातून फोनवर, जोसी झाली तेव्हा: मॅडम, मुलगी आहे. सगळीकडे तोच शब्द होता आणि तिनं तो दर वेळी संस्कार म्हणून खिशात घातला होता. आईची जागा रिकामी पडली, आणि ती कोरीननं बळकावली असं ऑर्लीन समजत होती. कोरीननं काही घेतलं नव्हतं. जे टाकून दिलं होतं त्यावर कुणाची मालकी सांगायची?

हे कळलं तरी जळणं थांबलं नाही. खिडकीतून हिरवी पाटी दिसतच होती.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात शाळेतून फोन आला. डेल कोपलँडचा, हल्लीच्या मुख्याध्यापकाचा. तो ऑर्लीनच्या डोळ्यांदेखत वाढलेला.

"मिसेस ट्रॅमेल, एक काम होतं. आमच्या ऑफिसातल्या बाई रजेवर आहेत आणि एका मुलीला फटके द्यायचेत. घरच्यांची परवानगी आहे. साक्षीदार कुणी नाहीये. तुम्ही याल का? तुमच्याइतका अनुभव कुणाला नाही."

ती गेली. का गेली, हे तिला धड सांगता आलं नसतं. थोडंसं यासाठीही, की गावाला दिसावं शाळा अजून कुणाला बोलावते.

ऑफिसात फार काही बदललं नव्हतं. टेबलाशी दुसरीतली एक मुलगी उभी होती, एका बुटाची नाडी सुटलेली. बदली शिक्षिकेला तिनं जीभ दाखवली होती. डेलनं कपाटावरून फळी काढली. ऑर्लीन आपोआप आपल्या जुन्या जागेवर, फायलींच्या कपाटाशी जाऊन उभी राहिली, आणि तिचे डोळे आपोआप समोर गेले. भिंतीवर कॅलेंडर होतं. ट्रॅक्टर या वेळी हिरवा होता.

त्या जागेवरून दुसरं काही दिसतच नव्हतं. मुलीचं डोकं टेबलाकडे वळलेलं, चेहरा पलीकडे. साक्षीदाराची जागा कुणी मुद्दाम अशी निवडली होती, की तिनंच कधीकाळी ती शोधून काढली होती?

"धर कड," डेल मुलीला म्हणाला.

ऑर्लीननं कोपऱ्यातली खुर्ची ओढली. ओढताना ती फरशीवर करकरली. तिनं ती टेबलाच्या पलीकडे नेली, मुलीच्या अगदी समोर, आणि बसली. दोघींचे चेहरे एका उंचीवर आले.

"तुझं नाव काय?"

"टॅबी, मॅडम."

"टॅबी, मी ऑर्लीन. मी इथे बसलेय. माझ्याकडे बघायचं असलं तर बघ."

डेल घुटमळला. "मिसेस ट्रॅमेल, तुमची जागा तिकडे असते."

"नियमात काय आहे, डेल? साक्षीदार हजर हवा. मी हजर आहे. इतकी वर्षं नुसती हजर होते, आज बघणार आहे. तू सुरू कर."

टॅबीचे डोळे ऑर्लीनच्या डोळ्यांत होते. डेलनं फळी उचलली आणि त्याची नजर वर आली तशी ऑर्लीनच्या नजरेला भिडली.

"इथून तुझाही चेहरा दिसतो," ती म्हणाली. "तूही इथे वाकला होतास, पाचवीत. आठवतंय? मला तुझा चेहरा नाही आठवत. कॅलेंडर आठवतं. त्या महिन्यात निळा ट्रॅक्टर होता."

डेलची मान कानापर्यंत लाल झाली. बाहेर मधल्या सुट्टीचा गलका चालू होता.

"लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?" तो शेवटी म्हणाला.

"सांग, साक्षीदार मिळाला नाही. आणि मला विचारलं तर मी सांगेन, मी उभं राहायला नाही म्हटलं. या पोरीसाठी नाही, आणि कुणासाठीच नाही."

त्यानं फळी कपाटावर ठेवली. ऑर्लीन वाकली, गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि तिनं टॅबीच्या बुटाची नाडी बांधली. टॅबी सवयीनं "थँक यू, मॅडम" म्हणाली. ऑर्लीनला तो शब्द सोसला नाही, पण ती काही बोलली नाही.

ही बातमी तिच्याआधी घरी पोचली. फोन वाजू लागले. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती ऑर्लीन, म्हणाले. शिस्त आधी म्हणतेस आणि ऐन वेळी पोरीच्या रडण्याला भुललीस. लॉनीनं तिची फटकी दुकानाच्या खिळ्यावरून काढून टाकली. ज्यांना फळी हवी होती त्यांची ती उरली नाही, आणि ज्यांना नको होती त्यांच्याकडे आधीच कोरीन होती.

मंगळवारी अग्निशामक दलाच्या शेडमध्ये मतदान झालं. पडद्याआड ऑर्लीननं दोन्ही नावांकडे पाहिलं. स्वतःचं नाव छापील अक्षरांत तिला आवडायचं, अजूनही आवडत होतं. मग तिनं कोरीन व्हिटलॉकपुढचा गोल काळा केला. पोटात मात्र आग पडलेलीच होती. दाराबाहेर, नियमाप्रमाणे लांब अंतरावर, कोरीन रोपं घेऊन उभी होती. तिनं एक पुढे केलं.

"मला नको," ऑर्लीन म्हणाली. "माझ्याकडे ऊन येत नाही." खोटंच होतं. पण एका दिवसात माणसानं किती द्यावं यालाही मर्यादा असते.

ती हरली. फार मतांनी नाही, पण हरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बिस्किटं लाटत असताना मागचं दार वाजलं आणि जोसी आत शिरली. कोपऱ्यात उरलेल्या फटक्यांचं खोकं पडलं होतं.

"आजी, आता यांचं काय करायचं?"

"माशा मारायच्या," ऑर्लीन म्हणाली. "त्यासाठीच असतात त्या. दुसऱ्या कशासाठी नाही."

व्हर्जिल कॉफीत हसला. पुढच्या महिन्यात मंडळाची सभा होती. कोरीन फळी बंद करायचा ठराव मांडणार होती आणि पाचांपैकी आणखी दोघांचे हात वर यायला हवे होते. सभेत गावकऱ्यांना बोलायला तीन-तीन मिनिटं मिळतात. ऑर्लीननं आपलं नाव देऊन ठेवलं होतं. छप्पर नाही, बस नाही. त्या ऑफिसात कितीजण वाकले आणि तिनं एकाचाही चेहरा पाहिला नाही, एवढंच सांगायचं होतं. मग ज्याला हात वर करायचा नसेल त्यानं तो तिच्याकडे बघत खाली ठेवावा. कोरीन बोलेल तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही, ते अजून ठरलं नव्हतं.

जोसीच्या मागोमाग मिस्टी दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. केसांना रोपघरातली माती लागली होती.

"बिस्किटं केलीस?" तिनं विचारलं.

ऑर्लीन वाक्याच्या शेवटी येणाऱ्या शब्दाची वाट बघत थांबली. तो आला नाही. दुसराही आला नाही. मिस्टीनं ती जागा मोकळीच ठेवली होती.

ऑर्लीनच्या पाठीशी भिंतीवर कॅलेंडर होतं. तिनं तिकडे पाहिलं नाही. पीठ लागलेले हात तसेच धरून ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या आल्या होत्या. त्या कधी आल्या, हे तिला ठाऊक नव्हतं.

"करतेय," ती म्हणाली. "ये, बस."